गड्डम सरांची भीती

परवा रविवारी दुपारी टीव्हीवर ‘हिरवा काठ’ लागला होता. सासूबाईंना म्हटलं, चॅनेल बदलू नका, आणि भाजी निवडायची तशीच टाकून समोर बसले. सिनेमा संपला, नावं वर सरकायला लागली. कपडे कोणी शिवले, गाड्या कोणी पुरवल्या, चहा कोणी दिला, सगळ्यांची नावं होती. ज्यांच्या नाटकावरून हा सिनेमा निघाला त्या व्यंकटेश गड्डम यांचं नाव मात्र नव्हतं. ते नसणार हे मला माहीत होतं, तरी शेवटच्या ओळीपर्यंत बघत राहिले.

सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, “चांगला होता की गं.”

गड्डम सरांना जाऊन आता वर्ष होत आलं. हैदराबादला, लेकीच्या घरीच ते वारले. सोलापूरच्या पूर्वभागातल्या एका शाळेत त्यांनी जन्मभर मराठी शिकवलं. घरात तेलुगू, वडील मागावर चादरी विणणारे, आणि हे वर्गात मराठी कविता वाचायला लागले की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा चुळबुळ थांबवायची. उंच, हडकुळे, ऐन मे महिन्यातही फुल बाह्यांचा पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून घालणारे. आमच्या हौशी नाटक मंडळातल्या सगळ्या बायकांना ते ‘अम्मा’ म्हणायचे. मला तेव्हा तिशीसुद्धा लागली नव्हती, तरी मी अम्माच.

इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. सर कुत्र्याला भ्यायचे, लिफ्टला भ्यायचे, रजिस्टर पोस्टाला भ्यायचे. अनोळखी नंबरवरून फोन आला की फोनवर तळहात ठेवून वाजायचा थांबेपर्यंत श्वास रोखून बसायचे. मग म्हणायचे, “ज्याला खरंच काम असेल तो परत करेल की.” त्यानं परत केला तरी उचलायचे नाहीत. कुठल्याही कार्यक्रमात दाराजवळची खुर्ची धरायचे. कोणाबद्दल काही बोलायचं असलं, अगदी मुख्याध्यापकांच्या नव्या चपलेबद्दलसुद्धा, तर आधी उठून खिडकी लावायचे आणि म्हणायचे, “हळू बोला अम्मा, भिंत पातळ आहे.” एकदा मोकळ्या मैदानात उभं राहून त्यांनी मला हेच सांगितलं. मी हसून विचारलं, “इथं कुठाय भिंत, सर?” तर गंभीर होऊन म्हणाले, “असते. दिसत नाही एवढंच.”

आणि हाच माणूस अशी नाटकं लिहायचा की वाचताना आम्हीच उठून खिडकी लावावी. मी त्यांना एकदा सरळ विचारलं होतं, “एवढे भिता, तर लिहिता कशाला?”

“भितो म्हणूनच लिहितो की. न भिणाऱ्याला लिहायला काय सुचणार?” ते म्हणाले. आणि वर, “लिहिताना हात कापायला लागला की समजतं, आता काहीतरी खरं यायला लागलंय.”

मी तेव्हा जिल्हा परिषदेत कारकून होते. नाटकाची हौस दांडगी, पण स्टेजवर उभं राहिलं की माझे हात कुठं ठेवायचे हे मला कळायचं नाही. सरांनी दोन तालमी पाहिल्या आणि माझ्या हातात संहिता देऊन मला विंगेत बसवलं. तेव्हापासून मी प्रॉम्प्टर. कोण कुठं अडकणार, हे आधी ओळखून पहिला शब्द पुरवायचा. सरांची सगळी नाटकं मी अशी बाजूनंच पाहिली.

तालमी शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत चालायच्या. एका संध्याकाळी तालीम रंगात आलेली असताना दारात एक हवालदार येऊन उभा राहिला. “गड्डम सर कोण?” एवढंच त्यानं विचारलं. सर पांढरेफटक पडले. त्यांनी माझ्या हातातली संहिता ओढून घेतली आणि मागच्या मागं ती पाण्याच्या माठाखाली सरकवली. माठ कलंडला. खोलीभर पाणी झालं आणि संहिता त्यात तरंगायला लागली. हवालदार बिचारा गोंधळून म्हणाला, “सर, पोरीच्या अ‍ॅडमिशनचं जरा विचारायचं हुतं.”

सगळे पोट धरून हसले. सरही हसले, पण हसता हसता त्यांनी छातीवर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. हवालदाराच्या मुलीला त्यांनी स्वतः बरोबर जाऊन प्रवेश मिळवून दिला. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की सरांची भीती ही गंमत नाही. ती त्यांना दमवत होती.

‘उंबऱ्याला पाणी’ हे नाटक त्यांना शोभानं दिलं. शोभा सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि आमच्या मंडळातली सगळ्यात तयारीची नटी. तिचं मूळ गाव करमाळ्याकडं, उजनीच्या पाण्याखाली गेलेलं. ती जन्मली तेव्हा गाव उठून कैक वर्षं झाली होती, पण आजीच्या तोंडून तिनं ते सगळं ऐकलं होतं. एकदा तालमीनंतर डबे उघडून बसलो असताना ती सहज म्हणाली, “आजी सांगायची, पाणी चढाय लागल्यावर पयली देवी हलवली. ट्रॅक्टर सजवून, वाजतगाजत. माणसं मागनं. आमची आजी चिखलातनं पोरं काखंला मारून निघाली.”

सरांचा घास हातात राहिला. ते उठले आणि त्यांनी खिडकी लावली.

नाटकात एक पुढारी देवळाच्या पायरीवर उभा राहून देवीची शपथ घेतो, की एकही माणूस जमिनीवाचून राहणार नाही. मग पाणी येतं. देवी नव्या देवळात जाते. आणि शेवटच्या प्रवेशात रखमा नावाची विधवा गुडघाभर पाण्यातून रिकाम्या गाभाऱ्यात येते आणि देवी जिथं होती त्या जागेशी बोलते. “तुला पयलं नेलं. आमाला कवा? म्या तुला रोज निवद दावला. तू बी त्यांचीच निघालीस.” आणि मग एक शिवी. एकच शब्द. बायका नळावर एकमेकींना देतात तसला.

नाटक करायचं तर संहिता आधी मुंबईला परवानगीसाठी पाठवावी लागते. सर महिनाभर झोपले नसावेत. संहिता परत आली तेव्हा एवढ्या नाटकात फक्त त्या एका शब्दाभोवती लाल गोल होता. तो शब्द गाळायचा, बाकी हरकत नाही.

सरांनी सुटकेचा श्वास टाकला. शोभा मात्र चिडली. “त्यो शब्द काडला तर रखमा काय बोलंल? नमस्कार करंल व्हय?”

“काही बोलायचं नाही अम्मा,” सर म्हणाले. “तोंड उघडायचं आणि तसंच राहायचं. शब्द गाळायला सांगितलाय. गप्प राहू नका असं कुठं सांगितलंय?”

पहिल्या प्रयोगाला सर मागच्या दारात उभे होते, एक पाय बाहेर. शेवटच्या प्रवेशात शोभानं तोंड उघडलं. शब्द घशाशी आला आणि अडला. ती तशीच उभी राहिली, मान ताणलेली, डोळे रिकाम्या गाभाऱ्यावर. मी विंगेत होते. माझ्या समोरच्या पानावर लाल गोल होता आणि प्रॉम्प्टरला द्यायला शब्द नव्हता. सभागृहात कोणी खोकलं नाही. आणि मग मागच्या रांगेतून एका बाईचा हुंदका फुटला. तो शब्द त्या दिवशी प्रत्येकाला ऐकू आला. लिहिलेला होता त्याहून मोठ्यानं. पडदा पडल्यावर मी सरांना शोधायला गेले तर ते बाहेर नळाशी तोंड धूत होते. “कोणी काही म्हणालं का?” त्यांनी पहिलं हेच विचारलं.

नाटकाचे पुष्कळ प्रयोग झाले. मग पुण्याहून निखिल आला. तरुण दिग्दर्शक, बोलायला मोकळा, मनापासून नाटकावर प्रेम करणारा. त्याला ‘उंबऱ्याला पाणी’चा सिनेमा करायचा होता. निर्माताही तयार होता. सरांच्या घरी बैठका सुरू झाल्या. मूळ संहिता माझ्याकडं असायची म्हणून सर मलाही बोलावून घ्यायचे. सरांच्या बायको पद्माक्का चहा ठेवून आत जायच्या आणि आतून ऐकत राहायच्या.

पहिल्याच बैठकीत निखिल म्हणाला, “सर, ती शपथ. देवीच्या पायरीवर पुढारी शपथ घेतो ते जरा अवघड जाईल. उद्या कोणीतरी म्हणेल, हा आमचाच नेता दाखवलाय.”

“कोणी म्हणालं का तसं?”

“नाही. पण म्हणेल.”

सरांनी मान हलवली. भीतीची भाषा त्यांना लगेच समजायची. पुढाऱ्याचा ठेकेदार झाला.

पुढच्या खेपेला ठेकेदारही अवघड वाटायला लागला, कारण निर्मात्याचे नातलग त्याच धंद्यात होते. मग ठेकेदार गेला आणि गावातलाच एक लोभी माणूस आला, जो शेवटी पश्चात्ताप होऊन मरतो. ट्रॅक्टरवरून देवी नेण्याचा प्रसंग गेला. “नाटकात दोनशे माणसं बसतात सर, ती पूर्ण नाटक बघून उठतात,” निखिल म्हणाला. “सिनेमातलं अर्धं मिनिट कापून कोणीही फोनवर फिरवू शकतो. ज्यांनी सिनेमा बघितला नाही तेच जास्त चिडतात.” हे खोटं नव्हतं. सरांनी तो कागद उलटा ठेवला. ते म्हणाले, “काढा.”

देवीच्या जागी वडाचं झाड आलं. रखमा रिकाम्या गाभाऱ्याऐवजी त्या झाडाशी बोलायला लागली. मग कोणीतरी सुचवलं की ती शहाणी असून असं बोलते यापेक्षा दुःखानं तिच्या डोक्यावर परिणाम झालाय असं दाखवलं तर कोणाचा आक्षेप राहणार नाही. सर म्हणाले, “काढा.” म्हणजे, “करा.” त्यांचे दोन्ही शब्द एकच झाले होते.

शेवटी ती शांतता उरली. निखिल खूप वेळ कागद चाळत बसला. मग खाली बघत म्हणाला, “सर, इथं ती गप्प राहते. लोकांना वाटेल, ही काहीतरी बोलणार होती.”

“व्हय,” सर म्हणाले. एरवी ते शुद्ध बोलायचे. भीतीत किंवा रागात त्यांच्या तोंडी गावाकडचं यायचं.

“मग लोक विचारतील, काय बोलणार होती? तिथं आपण गाणं टाकू. बासरी आणि पावसाचा आवाज.”

मी सरांकडं बघत होते. मला वाटलं, इथं तरी ते नाही म्हणतील. आत पद्माक्कांचं भांडं वाजायचं थांबलं होतं. सर उठले, खिडकी लावायला गेले, पण खिडकी आधीच लावलेली होती. तिच्या कडीवर हात ठेवून ते पाठमोरेच म्हणाले, “टाका गाणं.”

निखिल गेल्यावर मी रागानं बोलले. “सर, सिनेमा अजून कोणी बघितलाही नाही. कोणी काही मागितलं नाही. आपणच सगळं काढून दिलं.”

“मागितल्यावर देताना मनाला जास्त लागतं अम्मा,” ते म्हणाले. “आधीच दिलं की आपणच दिलं असं वाटतं.”

सिनेमा झाला. रखमाचं काम मुंबईच्या एका देखण्या नटीनं केलं. मुंबईला सेन्सॉरपुढं सिनेमा गेला त्या दिवशी सर जेवले नाहीत. संध्याकाळी निखिलचा फोन आला. सरांनी तो पहिल्या घंटीला उचलला, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

“पास झाला, सर! एकच गोष्ट सांगितली. म्हातारा बिडी ओढतो तिथं खाली तंबाखूची सूचना टाका. बस्स!”

सरांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. मग निखिलचाच आवाज आला, पण वेगळा. “सर, मला आता वाटतंय… देऊळ ठेवलं असतं तर कदाचित चाललं असतं. ती गप्प उभी राहिली असती तरी…”

“आता ते कोण सांगणार?” सर म्हणाले. त्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. “बघा अम्मा. कापलेलं ठेवलं असतं तर काय झालं असतं, हे कापणाऱ्याला कधीच कळत नाही. जन्मभर वाटत राहणार, बरं झालं कापलं. आणि जन्मभर वाटत राहणार, उगाच कापलं.”

सिनेमाची जाहिरात आली आणि खरी भीती सुरू झाली. कोणाला तरी आमच्या नाटकाच्या जुन्या प्रयोगाचं चित्रण फोनमध्ये सापडलं. त्यातला शेवटचा प्रवेश, तोही “तू बी त्यांचीच निघालीस” इथं तोडलेला, सिनेमाच्या जाहिरातीला जोडून गावभर फिरायला लागला. खाली लिहिलं होतं, देवीचा अपमान करणारा सिनेमा. सिनेमात देवीच नव्हती. झाड होतं. पण हे सांगायचं कोणाला?

शोभाला दवाखान्यात फोन आले. तिनं नंबर बदलला, संध्याकाळची ड्युटी सोडून सकाळची मागून घेतली. सरांच्या गल्लीत मोटरसायकली यायच्या, घरासमोर गती कमी करायच्या आणि निघून जायच्या. पद्माक्कांनी पुढच्या दोरीवर कपडे वाळत घालायचं बंद केलं. शाळेनं सरांना काही दिवस रजेवर जायला सुचवलं. वर्षानुवर्षं त्यांच्या घरून वाटीभर ताक नेणाऱ्या शेजारीण बाई आता दार लोटून घ्यायच्या. मी भेटायला जायची तर मीसुद्धा रिक्षा दोन गल्ल्या अलीकडं सोडायची आणि कोपऱ्यावर वळताना मागं बघायची. सरांसारखीच.

मोटरसायकलींवरचे ते लोक घरी आले ते रविवारी, सकाळच्या लख्ख उन्हात. मी स्वयंपाकघरात पद्माक्कांजवळ होते. आधी बरेच बूट वाजले, मग दारावर थाप. पद्माक्कांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. त्या तेलुगूत काहीतरी पुटपुटत होत्या.

सरांनी दार उघडलं. पंधरा-वीस माणसं असतील. अर्धी खोलीत, अर्धी पायरीवर. त्यांच्या म्होरक्याला सगळे अण्णा म्हणत होते. एक पोलीस गेटाशी रस्त्याकडं तोंड करून उभा होता. एक पंचविशीचा मुलगा फोन वर धरून चित्रण करत होता.

अण्णा आरडाओरडा करत नव्हते. तेच जास्त भीतीदायक होतं. “मास्तर, तुमी शिकवणारी माणसं. आमाला भांडान नको हाय,” ते म्हणाले. “ह्या कॅमेऱ्यात बोला. माझं चुकलं, माफी मागतो, नाटक परत करणार न्हाय. झालं. आमी चाललो.”

मी दाराच्या फटीतून बघत होते. सरांचे हात कापत होते. लपवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. आता ते म्हणणार, चुकलो, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर त्यांनी ते म्हणावं असंच मला वाटत होतं. त्यांनी ते म्हणावं आणि ही माणसं जावीत.

“बोला की,” अण्णा म्हणाले.

सर फोनकडं बघून बोलायला लागले. आवाज चिरकला, त्यांनी पुन्हा सुरुवात केली. “माझं नाव व्यंकटेश गड्डम. मी आत्ता फार घाबरलेलो आहे. माझे हात दिसत असतील. घाबरलोय, हे तुम्ही म्हणाल तिथं मी लिहून देतो.” त्यांनी फोनवरची नजर काढून अण्णांकडं बघितलं. “चुकलो, हे मात्र लिहून देत नाही.”

“म्हंजे?”

“देवीला कोणी वाईट बोललेलं नाही. एक बाई देवीशी भांडली. माणूस परक्याशी भांडत नाही. परक्यापुढं गप्प बसतो.” मग एकदम त्यांच्या तोंडी ते दुसरं मराठी आलं. “सिनेमासाठी म्या सगळं काडून दिलं, अण्णा. देऊळ दिलं, देवी दिली, बाईला येडी केली, तिचं गप्प बसणं बी दिलं. तरी तुमी आलाच न्हवं? मग आता देऊ कशाला?”

कोणीतरी मागून हात घातला आणि सरांचा चष्मा ओढला. तो खाली पडला, बुटाखाली फुटला. पद्माक्का किंचाळल्या आणि बाहेर धावल्या. त्या सरांच्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर घेऊन. वयानं मोठी बाई समोर आल्यावर खोलीतली माणसं जरा मागं सरली. गेटावरचा पोलीस आत आला आणि म्हणाला, “चला, चला आता.” अण्णांनी त्या चित्रण करणाऱ्या मुलाला सांगितलं, “सागर, हे टाक. लोकांना बघू दे मास्तरची मस्ती.” आणि ते गेले.

सर खाली बसले ते बराच वेळ उठले नाहीत. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. पद्माक्का काचा वेचत होत्या.

तो व्हिडिओ आज येईल, उद्या येईल म्हणून आम्ही फोन बघत राहिलो. रोज सकाळी उठल्यावर पहिलं तेच. तो कुठंच आला नाही. का, ते कळेना, आणि न कळण्याचीही भीती वाटायची.

निर्मात्यानं मात्र धसका घेतला. सिनेमाच्या नावांतून सरांचं नाव काढलं, सरांच्याच सुरक्षेसाठी असं कळवलं. निखिल फोनवर रडला. सोलापुरात सिनेमा लागला तेव्हा सर, शोभा आणि मी दुपारच्या खेळाला गेलो. थिएटर जवळजवळ रिकामं होतं. झाडासमोर ती देखणी नटी केस मोकळे सोडून बोलत होती आणि बासरी वाजत होती. बाहेर आल्यावर शोभा म्हणाली, “बाई लई चांगली हाय. पर तिच्या पायाला पाणी कुटं लागलंय?”

सरांनी नवा चष्मा पुसला. “बरा आहे की सिनेमा,” ते म्हणाले. “कुणाच्या नाटकावरून घेतलाय?”

आम्हाला हसू आलं नाही.

पुढं लेकीनं हट्ट धरला आणि सर-पद्माक्का हैदराबादला जायला निघाले. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी निरोप घ्यायला गेले. सामान बांधून झालं होतं. सर ओट्यावर एका खोक्यावर बसले होते. आम्ही बोलत असतानाच गेटाशी एक मोटरसायकल थांबली. उतरलेला मुलगा मी लगेच ओळखला. सागर. एकटाच होता.

सर उभे राहिले. मागं सरले ते भिंतीला टेकले.

सागर गेटाबाहेरच थांबला. गल्लीत दोन्हीकडं बघून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, “सर, म्या त्यो व्हिडिओ टाकला न्हाय.”

“का?” सरांनी विचारलं.

“अण्णाला म्हनलं, फोन पडला, व्हिडिओ उडाला.” त्यानं हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. “आमची आजी बी रोज भांडती देवीसंगं. सकाळी उठून. ते नाटक म्या बघितलंच न्हाय, सर. नुसता तुकडा बघितला. सगळं वाचाय मिळंल का?”

मी सरांचा हात धरला. “देऊ नका,” मी कानाशी म्हटलं. “कोणी पाठवलं असेल. उद्या तुम्ही नसणार, पण शोभा इथंच आहे.”

सरांनी माझ्याकडं बघितलं. ते माझ्याइतकेच घाबरले होते, त्यात शंका नाही. ते आत गेले. खोकं फाडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात ‘उंबऱ्याला पाणी’ होतं, तालमीत वापरून मऊ पडलेलं.

“न्यायचं नाही,” ते सागरला म्हणाले. “इथं बसून वाच. फोन तिकडं गाडीवर ठेव.”

सागरनं फोन गाडीच्या सीटवर ठेवला, चपला काढल्या आणि ओट्याच्या कडेला बसून पहिलं पान उलटलं. मला पाचच्या आत ऑफिसात परतायचं होतं. पद्माक्कांच्या पाया पडले, सरांच्या पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण लक्ष माझ्याकडं नव्हतं.

कोपऱ्यावर वळताना मी मागं बघितलं. सागर ओठ हलवत, बोट फिरवत वाचत होता. सर त्याच्यासमोर खोक्यावर पुढं वाकून बसले होते, हात गुडघ्यात दाबून. त्यांची नजर त्याच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. गल्लीत एक रिक्षा शिरली, हॉर्न वाजला, पण त्यांनी मान वर करून पाहिलं नाही. सागर वाचता वाचता एका जागी थांबला, तोंड किंचित उघडं राहिलं, आणि सर श्वास धरून वाट बघत राहिले, हा आता काय म्हणतो.